मुळांवरून जाणारी वाट: प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, वायकाटोच्या सपाट प्रदेशात, दुभत्या गाईंच्या कुरणांमध्ये काहिकातेआ झाडांचं एक लहानसं रान उरलं आहे. क्षेत्र चार हेक्टरांहून थोडं कमी. जमीन खासगी आहे, पण मालक कुटुंबाने क्वीन एलिझाबेथ द्वितीय राष्ट्रीय न्यासाशी करार करून रान कायमचं राखून ठेवलं आहे. हा न्यास १९७७च्या कायद्याने स्थापन झाला. त्याच्याशी केलेला करार जमिनीला चिकटलेला असतो, उद्या शेत विकलं तरी नवा मालक झाड तोडू शकत नाही.

कुटुंबाला आता हे रान लोकांसाठी उघडायचं आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की वाट करायची तर अशी करा की कुणालाही फाटकाशी थांबून बाकीच्यांची वाट पाहत बसावं लागू नये. त्यासाठी आमचा स्वयंसेवकांचा गट जमला. व्हीलचेअर वापरणारी एक सहकारी, पांढरी काठी घेऊन चालणारे एक निवृत्त शिक्षक, एक सुतार, झाडांची एक जाणकार आणि मी. आखणी आणि नोंदी माझ्याकडे. बाहेरचा रस्ता अरुंद आहे आणि गाड्या लावायची सोय अजून नाही, म्हणून जागेचं नाव इथे देत नाही.

आज फळं पिकलेली दिसली. काहिकातेआ सूचिपर्णी वर्गातलं झाड, पण त्याला शंकू धरत नाही. नारिंगी-लाल रसाळ देठाच्या टोकाला एकच काळसर बी बसलेलं असतं. नर आणि मादी झाडं वेगळी, त्यामुळे फळं फक्त काही झाडांवर. केरेरू म्हणजे इथलं मोठं रानकबूतर. त्याच्या पंखांचा फडफडाट वरून सतत ऐकू येत होता.

१४ फेब्रुवारी

या कामात मी का पडलो हे एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

न्यूझीलंडमध्ये जंगल कमी नाही. पण जे उरलं ते बहुतेक डोंगरावरचं आहे, चढाचं, ओढे ओलांडायचं, पायऱ्यांचं. सखल भागातलं जंगल मात्र जवळजवळ संपलं. कारण ते सपाट, सुपीक आणि वस्तीच्या जवळ होतं. काहिकातेआ तर दलदलीच्या, गाळाच्या मातीत वाढणारं झाड. चर खणून पाणी काढलं की तीच माती कुरणासाठी उत्तम. १८८२ मध्ये ‘डनीडिन’ नावाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन इंग्लंडला गेलं. त्यानंतर लोणीही शीतजहाजांतून जाऊ लागलं. लोण्याला खोकी लागत होती आणि काहिकातेआचं लाकूड फिकट, हलकं, बिनवासाचं. लोण्याला लाकडाचा वास लागत नाही म्हणून खोक्यांसाठी तेच पसंत पडलं. ज्या जमिनीवर हे झाड उभं होतं तिथे गाई चरू लागल्या आणि त्यांचं लोणी त्याच झाडाच्या फळ्यांत बांधून समुद्रापार गेलं. काहिकातेआच्या मूळ जंगलापैकी आज साधारण दोन टक्केच शिल्लक आहे असं मानलं जातं.

म्हणजे चाकांवरून, कुबड्यांवर, बाबागाडी ढकलत किंवा दुखऱ्या गुडघ्यांनी ज्या रानात शिरता आलं असतं, नेमकं तेच रान गेलं. उरलेले तुकडे बहुतेक कुंपणाआड, पायरी चढून ओलांडायच्या फाटकांमागे. मला हे फार लागतं. डोंगरावरच्या वाटेला ‘सर्वांसाठी’ करणं अवघड आहे हे मान्य. पण इथे जमीन स्वतःहून सपाट आहे. इथे अडवणारी प्रत्येक गोष्ट माणसाने घातलेली आहे.

२२ फेब्रुवारी

जुनी पायवाट मोजली. गाईंची आणि मग माणसांची मिळून झालेली ही वाट रानातून वळसा घेत जाते. पाणसळ, टेप, खुंट्या आणि सुतळी एवढंच सामान. चढ-उतार जवळजवळ नाहीच, तरी वाट चाकांना चालणारी नाही.

सहकाऱ्याने व्हीलचेअर स्वतः चालवून दाखवली आणि मी खाली वाकून पुढची लहान चाकं पाहत राहिलो. मागची मोठी चाकं बरंच काही सहन करतात, अडतात ती पुढची. दोन सेंटिमीटरचं मूळ आडवं आलं तरी पुढचं चाक थबकतं आणि अंग पुढे फेकलं जातं. त्याहून त्रासदायक म्हणजे आडवा कल. वाट एका बाजूला कललेली असली की खुर्ची सतत त्या बाजूला ओढली जाते आणि एकाच हाताने जोर लावून ती सरळ ठेवावी लागते. चालणाऱ्याला हा कल जाणवतही नाही. मानकांमध्ये आडव्या कलाची मर्यादा साधारण १:५० असते, म्हणजे पन्नास सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. ती किती योग्य आहे हे तिच्या खांद्याकडे पाहून कळलं.

शिक्षकांची अडचण वेगळी निघाली. सपाट मातीत त्यांना वाटेची कडच सापडत नाही. पानांचा थर वाटेवरही तसाच आणि बाजूलाही तसाच, काठीला फरक कळत नाही.

४ मार्च

मुळं.

झाडांच्या जाणकार बाईंनी हवेच्या झोताने माती बाजूला सारायचं यंत्र आणलं. फावडं मूळ तोडतं, हवा फक्त माती उडवते. वाटेच्या मध्यावर अर्ध्या मीटरचा चौकोन मोकळा केला. मातीच्या पहिल्या वीतभर थरातच मुळं बाजेच्या विणीसारखी एकमेकांत गुंतलेली. दलदलीत खाली हवा नसते, त्यामुळे काहिकातेआ मुळं खोल नेत नाही, आडवी पसरवतं आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत अडकवतं. एवढी उंच झाडं वादळात उभी राहतात ती या सामाईक जाळीवर. खोडांच्या बुंध्याला फाटे फुटून पंख आल्यासारखे दिसतात, तेही आधारासाठीच. या जातीचं सर्वांत उंच नोंदलेलं झाड इथून फार लांब नसलेल्या पिराँगिया डोंगरावर आहे, साडेसहासष्ट मीटर. आमची झाडं त्याच्या निम्म्याच्या आसपास असतील. अशा बऱ्याच तुकड्यांतली झाडं पहिल्या तोडीनंतर एकदमच उगवलेली असतात आणि म्हणून जवळपास एका वयाची दिसतात. इथेही तसंच वाटतं.

मुळांच्या संरक्षणाचा सर्वसाधारण हिशोब असा: छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास घ्या, त्याला बाराने गुणा, तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात खोदकाम नको. नकाशावर आम्ही ही वर्तुळं काढली तेव्हा ती एकमेकांवर चढली आणि रानात मोकळा कोपरा उरला नाही.

खडी टाकून दाबलेली वाट हा पर्याय आज संपला. दाबलेल्या मातीत हवा जात नाही, पाणी मुरत नाही. चाकांना हवा तसा कठीण पृष्ठभाग जमिनीवर करायचा तर जमीनच मारावी लागते.

६ मार्च

दोन दिवस याच विचारात गेले आणि मग उत्तर सोपं वाटू लागलं. वाट जमिनीवर ठेवायचीच नाही. ती उचलायची. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या. मुळांना पाय लागत नाहीत आणि चाकांना मुळं लागत नाहीत. काठीला दोन्ही कडा मिळतात. सुरुवातीला बैठकीत ‘झाडं की माणसं’ असा सूर होता. दोघांनाही हवी ती एकच गोष्ट आहे हे कागदावर दिसल्यावर तो सूर गेला.

खर्च वाढेल. मालकांना ते स्पष्ट सांगितलं आहे.

१९ मार्च

क्राइस्टचर्चला जाऊन रिकर्टन बुश पाहिलं. शहराच्या वस्तीत उरलेलं सुमारे पावणेआठ हेक्टरांचं काहिकातेआचं रान. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, नाव पुतारिंगामोतू. विल्यम आणि जॉन डीन्स हे भाऊ १८४३ मध्ये तिथे स्थायिक झाले. जॉन डीन्स १८५४ मध्ये वारले, तेव्हा हे रान राखावं अशी त्यांची इच्छा होती आणि घरच्यांनी ती पाळली. १९१४ मध्ये रान जनतेला दिलं गेलं आणि त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. २००० साली सभोवती उंदीर, मांजरं, पॉसम आत येऊ नयेत असं कुंपण घातलं गेलं. काही झाडं सहाशे वर्षांची आहेत असं सांगतात. सपाट वाटांवरून बाबागाड्या, वृद्ध जोडपी, शाळेची मुलं सगळी एकाच वाटेने जात होती. तासभर मी फक्त माणसं पाहिली.

परतल्यावर हॅमिल्टनमधलं क्लॉडलँड्स बुशही पुन्हा पाहून आलो. शहराच्या मधोमध, साधारण पाच हेक्टर, फळ्यांची वाट. वाट असल्यामुळे लोक इकडेतिकडे उतरत नाहीत आणि बाजूला रोपं उगवतात. मला दाखवायचं होतं ते हेच. उचललेली वाट माणसांना आत नेते आणि त्याच वेळी जमिनीपासून दूरही ठेवते.

२ एप्रिल

रुंदीवरून बराच वाद. अरुंद वाट रानात शोभते, खर्च कमी, सावली जास्त. पण व्हीलचेअरशेजारी कुणी चालू शकलं नाही तर त्या माणसाला सगळा फेरफटका पुढच्याच्या पाठीकडे किंवा मागच्याच्या आवाजाकडे लक्ष देत करावा लागतो. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचं का? सहकारी म्हणाली, मला झाडांइतकंच माझ्या मुलीचं तोंड बघत चालायचं आहे. त्यानंतर वाद उरला नाही.

ठरलं ते असं. सर्वसाधारण रुंदी दीड मीटर. दोन खोडांमधून जाताना थोडा भाग १.२ मीटर. ठरावीक अंतराने १.८ मीटरचे विसावे, तिथे खुर्ची वळवता येते आणि समोरचा ओलांडता येतो. खुर्ची जागच्या जागी फिरायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. चढ कुठेही १:२० पेक्षा तीव्र नको. १:१२चा उतार मानकांत बसतो, पण तो रोज हाताने ढकलणाऱ्याला विचारून पाहावा. जुन्या चरावरून जायचा एकच टप्पा चढाचा आहे आणि तोही लांबवून सौम्य करता येतो.

वाटेचा आकार गोल. गेलो त्याच वाटेने परत, असं नाही. आणि तीच वाट सगळ्यांसाठी. फाटकापासून पन्नास पावलांवर संपणारी ‘विशेष’ वाट आणि बाकीच्यांसाठी खरी वाट, हे मी आखणार नाही, एवढं बैठकीत सांगितलं.

१८ एप्रिल

कठड्याचा प्रश्न. न्यूझीलंडच्या बांधकाम नियमांत एक मीटर किंवा त्याहून जास्त उंचीवरून पडायचा धोका असेल तिथे कठडा लागतो. बसलेल्या प्रौढ माणसाची नजर साधारण ११० ते १२५ सेंटिमीटरवर असते आणि कठड्याची वरची पट्टी नेमकी त्याच्या आसपास येते. म्हणजे उभ्या माणसाला रान दिसतं आणि बसलेल्याला पट्टी. म्हणून संपूर्ण वाट जमिनीपासून कमी उंचीवर ठेवायची, बहुतेक ठिकाणी चाळीस सेंटिमीटरच्या आत. कठडा फक्त चरावर. तिथे उभ्या गजांचा, वरची पट्टी शक्य तितकी बारीक.

कडेला मात्र चाक घसरू नये म्हणून उभी पट्टी हवीच. सुताराने ती फळ्यांवर थेट न ठोकता लहान ठोकळ्यांवर उचलून बसवायची सुचवली. खालून पानं आणि पाणी निघून जातं, काठीला कड मिळते आणि लहान सरडे-किडे इकडून तिकडे जाऊ शकतात.

९ मे

पृष्ठभागाचे नमुने. फळ्यांचा एक तुकडा आणि फायबरच्या जाळीचा एक तुकडा रानात ठेवून सगळ्यांनी वापरून पाहिले.

जाळीतून प्रकाश आणि पाऊस खाली पोचतो, खालची नेची जगतात, ओल्या दिवशीही पाय घसरत नाही. मी जाळीच्या बाजूने होतो. पण कुबडीचं टोक जाळीच्या भोकांवर डळमळतं, काठी अडकते आणि मार्गदर्शक कुत्र्यांच्या पंजांना ती टोचते. खाली आरपार दिसतं म्हणून काहींना भोवळ आल्यासारखं होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. इथल्या वाटांवर फळ्यांवर कोंबडीच्या जाळीसारखी तारेची जाळी ठोकायची जुनी पद्धत आहे. पायांना ती चांगली, पण सुटलेली तार चाकात आणि काठीत अडकते.

शेवटी लाकूड. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या, म्हणजे फटीत चाक उभं शिरणार नाही. फटी पाच-सहा मिलिमीटरच्या. ओली फळी वाळून आकसते आणि फट रुंदावते, म्हणून लाकूड आधी वाळवून घ्यायचं. घसरू नये म्हणून प्रत्येक फळीत वाळूमिश्रित राळेची पट्टी भरलेली. सावलीत शेवाळ धरणारच, ते वर्षातून दोनदा कुंच्याने घासायचं. जोराच्या फवाऱ्याने धुतलं तर लाकडाचे रेषे उभे राहतात आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरतं, असं सुताराचं म्हणणं. जाळी फक्त दोन ठिकाणी, कडेच्या पट्ट्यात, जिथे खाली नेचींचा दाट गालिचा आहे.

खांबांसाठी लाकूड की पोलाद? इथे जमिनीत जाणाऱ्या लाकडावर तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांची प्रक्रिया केलेली असते. दलदलीच्या पाण्यात ते उभं करायला माझं मन घेईना. शिवाय लाकडी खांबाला खड्डा लागतो. जस्ताचा थर दिलेले पोलादी स्क्रूचे खांब हाताने पिळून आत जातात, काँक्रीट लागत नाही आणि उद्या वाट काढायची झाली तर उलटे फिरवून बाहेर येतात. मूळ आडवं आलं तर खांब एक वीत सरकवायचा. तुळई थोडी लांब घ्यावी लागते, एवढंच.

२१ जून

पाणी वर आलं आहे. हॅमिल्टनच्या परिसरात वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि हिवाळ्यात जमीन भिजून राहते. उन्हाळ्यात कोरडा असलेला रानाचा पूर्वेकडचा भाग आज घोट्यापर्यंत पाण्यात. खुंट्यांवर पाण्याची रेघ मारली, वाटेची उंची तिच्यावरून ठरेल.

मला पाणी पाहून बरं वाटलं. या रानाला कुऱ्हाडीचा धोका आता नाही, पण कोरडेपणाचा आहे. सभोवतीच्या शेतांचे चर जमिनीतलं पाणी खाली ओढतात. काहिकातेआ मोठी झाडं म्हणून काही काळ टिकतील, पण त्यांची रोपं ओल्या गाळात आणि उजेडात उगवतात. पुकातेआ नावाचं दुसरं झाड तर चिखलातून श्वास घेणारी मुळं वर काढतं. दलदल आटली तर त्यांना इथे जागा नाही. वाट कितीही चांगली झाली तरी पाणी गेलं तर ती मरणाऱ्या रानातून जाणारी वाट ठरेल. कुंपणालगतचा चर अंशतः बुजवायची परवानगी मागायचं मालकांनी मान्य केलं आहे. शेजारच्या शेताचं काय होईल हे आधी पाहावं लागेल.

५ जुलै

कामाच्या सुरुवातीला स्थानिक माओरी वडीलधाऱ्यांनी कराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हटली. आधीच्या भेटीत त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका मोठ्या झाडाच्या पूर्वेकडून वाट नेऊ नका, पश्चिमेकडून न्या. आणि झाडांची, पक्ष्यांची नावं फलकावर प्रथम माओरीत लिहा. दोन्ही गोष्टी आखणीत आल्या.

दुपारी सगळे मिळून ट्रॅडस्कँशिया उपटत होतो. बागेतून निसटलेली, चकचकीत पानांची, पसरणारी ही वेल. जमिनीवर तिचा जाड थर बसतो आणि त्याखाली कुठलंही रोप वर येत नाही. कांडीचा एक तुकडा उरला तरी पुन्हा मूळ धरतो. चाकांना चिकटून ती आत येऊ शकते, म्हणून फाटकापाशी खालच्या पातळीवर ब्रश आणि पाण्याचं तबक असेल. बसल्या जागेवरून चाक पुसता यावं अशी त्याची उंची धरली आहे. २०११ पासून ब्राझीलमधून आणलेले पानं खाणारे भुंगेरे देशात सोडले जातात. ते आमच्याकडे मिळतात का, चौकशी सुरू आहे.

२६ जुलै

खांब बसवायला सुरुवात. यंत्र आत नेत नाही. तुळया दोघांनी खांद्यावर, फळ्या हातगाडीवर, आणि हातगाडी चालते ती झालेल्याच वाटेवरून. म्हणजे वाट स्वतःच्या पाठीवरून पुढे सरकते आणि बाजूच्या जमिनीवर कुणी उतरत नाही. वेळ लागतो. पावसात हात गोठतात. तरी पहिल्या तीस मीटरवर उभं राहून खाली पाहिलं तर पानांचा थर होता तसाच होता.

२३ ऑगस्ट

आवाजाचं काम या आठवड्यात संपवायचं. वसंतात पक्ष्यांची घरटी सुरू होतात. पीवाकावाका, म्हणजे पंख्यासारखी शेपटी उघडणारा छोटा पक्षी, कामाच्या भोवती सारखा फिरतो, कारण आमच्या पायांनी उडालेले किडे त्याला मिळतात. तूई सकाळपासून गातात. चराजवळच्या जुन्या झाडात पोकळी आहे. हॅमिल्टनच्या दक्षिणेच्या घळींमध्ये लांब शेपटीची वटवाघळं राहतात आणि ती अशाच पोकळ्या वापरतात. म्हणून त्या झाडाची फांदीही तपासणीशिवाय छाटायची नाही आणि वाटेवर दिवे लावायचे नाहीत.

१३ सप्टेंबर

बाक. साठ मीटरच्या आत एक तरी बाक. पाठ टेकायला हवी आणि उठताना रेटायला हात हवेत. बैठकीची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास. बाकाच्या समोर नव्हे तर शेजारी रिकामी जागा, म्हणजे खुर्चीवरचा माणूस बाकावरच्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसेल आणि दोघांना तेच झाड दिसेल.

वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या त्या मोठ्या झाडाशी वाट अगदी खोडाला टेकवली आहे. जमिनीवरच्या वाटेने हे जमलंच नसतं, बुंध्याची माती तुडवली गेली असती. फळ्या खोडाभोवती वळणदार कापल्या, खोड जाड होत जाईल म्हणून मोकळी जागा ठेवली आणि ती वाढवता यावी म्हणून कडेच्या फळ्या स्क्रूने लावल्या. आज शिक्षकांनी दोन्ही तळवे सालीवर ठेवले आणि खालपासून हात पोचेल तिथपर्यंत नेले. मग त्यांनी विचारलं, वर कुठे फांद्या सुरू होतात? मी अंदाजाने सांगितलं. फलकावर हे लिहायला हवं, त्याच वेळी ठरलं.

११ ऑक्टोबर

फाटक. कुरणातली जनावरं आत यायला नकोत, म्हणून दार आपोआप मिटायला हवं, आणि बसलेल्या माणसाला एका हाताने उघडता यायला हवं. स्प्रिंग कडक ठेवली तर दुसरी अट मोडते, सैल ठेवली तर पहिली. शेवटी बिजागरीच तिरकी बसवली, दार स्वतःच्या वजनाने मिटतं आणि ढकलायला जोर लागत नाही. खटका दोन्ही बाजूंनी, हाताची मूठ न वळणाऱ्यालाही दाबता येईल असा. कुत्र्यांना मनाईचा फलक आहे. त्यावर मार्गदर्शक आणि साहाय्यक कुत्र्यांना ती लागू नाही हे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

गाड्यांसाठी खडी दाबून दोन रुंद जागा, प्रत्येकी साडेतीन मीटर. खुर्ची गाडीतून काढायला बाजूला जागा लागते.

१ नोव्हेंबर

माहितीचा मजकूर. मला हे काम बांधकामाइतकंच महत्त्वाचं वाटतं. ‘सोपी वाट’, ‘सर्वांसाठी’ अशा शब्दांवर विश्वास ठेवून लोक दूरवरून येतात आणि एका पायरीपाशी अडतात. न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याच्या वर्गीकरणात ‘सुलभ छोटी वाट’ असा वर्ग आहे, तो उपयोगी आहेच. पण माणसाला स्वतःचं स्वतः ठरवता यावं इतकी माहिती आधी द्यायला हवी. म्हणून कोरडी वाक्यं: वाट गोल आहे, लांबी इतकी. सर्वांत अरुंद जागा १.२ मीटर. सर्वांत जास्त चढ १:२०, इतक्या लांबीचा, चरापाशी. बाक कुठे कुठे. शौचालय नाही, सर्वांत जवळचं कुठे आहे आणि आत वळायला जागा किती. पावसानंतर फळ्या ओल्या असतात. मोबाईलला आत कुठपर्यंत रेंज मिळते. छायाचित्रं उभ्या माणसाच्या आणि बसलेल्या माणसाच्या अशा दोन्ही उंचींवरून.

‘निसर्गाचा आनंद घ्या’ असं एक वाक्य कुणीतरी घातलं होतं, ते काढलं. जागा वाचली, तिथे फांद्या किती उंचीवर सुरू होतात ते लिहिलं.

२२ नोव्हेंबर

मालकांच्या शेजाऱ्यांनी चर अंशतः बुजवायला तत्त्वतः होकार दिला आहे. त्यांची अट, आधी एक हिवाळा पाण्याची पातळी मोजून दाखवा. रास्त आहे. रानात आणि त्यांच्या कुंपणालगत मिळून मोजणीच्या नळ्या बसवायच्या, दर पंधरवड्याला आकडा घ्यायचा. दोन नळ्या वाटेच्या कडेलाच बसवणार, बसल्या जागेवरून झाकण उघडून पट्टी आत सोडता येईल अशा उंचीवर. त्या दोन नळ्यांची मोजणी आमच्या सहकाऱ्याने मागून घेतली आहे. वही तिच्याकडे दिली.

उरलेली कामं: चराच्या कठड्याची शेवटची जोडणी, ब्रशचं तबक, माओरी नावांच्या ओळी वडीलधाऱ्यांना दाखवणं, पूर्वेकडच्या फळ्यांवर राळेच्या दोन पट्ट्या सुटल्या आहेत त्या बदलणं.